पाहुणे आले की आपण तोरणमाळला महाबळेश्वर का म्हणतो?

बोरीकाठ (धागालेखक)

मी मूळचा पारोळ्याचा, पोटापाण्याला पुण्यात. ऑफिसातल्या चौघांना दोन वर्षं ऐकवत होतो की आमच्या खान्देशात नुसतं ऊन नाही, डोंगरही आहेत. शेवटी गणपती झाल्यावर त्यांना तोरणमाळला घेऊन गेलो. पण ऐकवताना माझ्या तोंडून दर वेळी काय निघायचं, तर "अरे, आमचं महाबळेश्वरच आहे ते!"

झालं. शहाद्याहून निघालो, सातपायरीचा घाट चढलो. वर धुकं, यशवंत तलावावर गार वारा, मी खूश. गाडीतून उतरता उतरता एकाने विचारलं, "पॉइंट किती आहेत इथे?" मी बोटं मोजायला लागलो. सीताखाई, कमळतलाव, मच्छिंद्रनाथाची गुहा, गोरखनाथाचं देऊळ. तिथे गाडी अडली. "बस? घोडे नाहीत? स्ट्रॉबेरी-क्रीम वगैरे?"

सीताखाईच्या कडेला एक बाई कणसं भाजत बसली होती. तीन दगड, मधे निखारे, पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालणं चाललेलं. बाजूला फडक्यावर आमचूर. उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, घराच्या अंगणात वाळवायच्या आणि वर्षभर थोडा थोडा विकायचा, हा त्या भागातल्या बायांचा जुना उद्योग. मी कौतुकाने ते सांगायला लागलो. मित्र "हो का" म्हणाला आणि बाईला खुणेने सांगितलं, की तोंड जरा दरीकडे करा. तिने केलं. त्याने फोटो काढला. मग बाईने तोंड परत आमच्याकडे वळवलं, कणीस पुढे केलं आणि म्हणाली, "वीस रुपये." अख्ख्या सहलीत तेवढा एकच व्यवहार सरळ झाला.

परतीला माझ्या लक्षात आलं, की दोन दिवस मी नुसती माफी मागत होतो. रस्ता जरा असाच आहे हं, हॉटेलं फार नाहीत हं, रेंज नाही हं. तोरणमाळचा दोष एवढाच की ते महाबळेश्वर निघालं नाही. आणि ते महाबळेश्वर आहे असं त्याने स्वतः कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं.

मग आठवायला लागलो. तापीकाठच्या प्रकाशा गावाला आपण 'दक्षिण काशी' म्हणतो. सातपुड्यातल्या डाब गावाला थंडीत दवबिंदू गोठले की लगेच 'काश्मीर' आठवतं. एखाद्या जागेला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारायची आपल्याला लाज वाटते का? दुसरं टोक म्हणजे आमचे मामा. त्यांना विचारलं, मामा, पाहुण्यांना इकडे काय दाखवू? मामा म्हणाले, "आठे काय शे देखाले?"

तुमच्याकडे बाहेरचं कुणी आलं तर काय दाखवता? आणि काय दाखवायचं टाळता?

मुळामुठा

पॉइंट विचारणाऱ्या मित्राला एवढं हसू नका, मीही त्याच्याच जातकुळीचा. पण महाबळेश्वरचे पॉइंट तरी कुणाचे? आर्थर सीट, एल्फिन्स्टन, विल्सन, केट. सगळी साहेबाची नि साहेबाच्या घरची माणसं. कृष्णेचं उगमस्थान, जुनं क्षेत्र, ते बाजूला राहिलं आणि माल्कम साहेबाने आपल्या लोकांना विलायतेसारखी हवा मिळावी म्हणून शेजारी पेठ वसवली. म्हणजे महाबळेश्वर स्वतःच कुणाचं तरी 'आमचं इंग्लंडच आहे ते' होतं. तुम्ही नकलेची नक्कल दाखवायला निघालात, मग माफी मागावी लागणारच.

अवांतर: 'दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण' असंही तोरणमाळबद्दल सगळीकडे वाचतो. तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर. पाचगणी तेराशेच्या आसपास. मग पाचगणी कुठे गेली?

बोरीकाठ

पाचगणीचा मुद्दा मान्य. इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत होतो!

कळण्याची_भाकरी

दाखवायचं म्हणाल तर आमच्याकडे पाहुणा आला की त्याला जागा नको असते, शेवभाजी हवी असते. तीही ढाब्यावरची, वर बोटभर तर्री, घाम फुटला पाहिजे आणि त्याचा व्हिडिओ झाला पाहिजे. माझी आजी यावल तालुक्यातली. तिने जन्मात पाहुण्याला शेवभाजी वाढली नाही. घरात भाजी नसेल त्या दिवशीची ती सोय. पाहुणा आला की खापरावरचे मांडे, नाहीतर हिवाळा असेल तर भरीत. भरताचीही पद्धत असते. पांढरट हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळल्या काड्यांवर शेतातच भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात. लाल तिखटाचा कणही नाही. पुण्यात 'खान्देशी भरीत' म्हणून लालभडक काहीतरी आणून ठेवतात. मी वेटरला सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, खान्देशी म्हणजे तिखटच लागतं लोकांना."

आता गंमत ऐका. मागच्या डिसेंबरात आमच्याच शेतात भरीत पार्टी होती. चुलतभावाने वांगी भाजली, आणि जावईबापू पुण्याचे म्हणून वरून लाल तर्री ओतली. "त्यांना असंच आवडतं." म्हणजे पुण्यातलं खान्देशी आता यावलला पोचलं.

आणि धागालेखक, मामांची ती अहिराणी तुमच्या पारोळ्या-अमळनेरकडची. आमच्याकडे लेवा बोली, डोंगरात गेलात तर पावरी आणि भिली. बाहेरून बघणाऱ्याला सगळं एकच 'खान्देशी'.

रेल्वेकाका

उशिरा वाचला धागा. मी नोकरीची सगळी वर्षं भुसावळला रेल्वेत काढली. जळगावला पहाटे उतरणारे परदेशी पाहुणे किती पाहिले त्याला हिशेब नाही. पाठीवर पिशवी, तोंडात एकच शब्द, 'अजंता'. फर्दापूरची एसटी धरायची, दिवसभर लेणी बघायची, रात्रीच्या गाडीने मुंबई नाहीतर आग्रा. सोमवारी उतरला तर मात्र पंचाईत, कारण सोमवारी लेणी बंद. मग तो दिवसभर आमच्या जळगावात अडकायचा आणि वैतागून विचारायचा, इथे दुसरं काय आहे? लेणी जळगावहून साठेक किलोमीटर, पण जिल्हा छत्रपती संभाजीनगर. नाव त्यांचं, जिना आमचा.

नावाचंच बघा. लेण्यांना लागून जे खेडं आहे ते लेणापूर. जगाला माहीत झालं ते वरचं, तटबंदीचं अजिंठा गाव. १८१९ साली जॉन स्मिथ शिकारीला आला आणि लेणी 'सापडली', असं आपण शाळेत घोकलं. लेणापूरच्या गुराख्यांना ती काय दिसत नव्हती? पण स्मिथने दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली, गुराख्यांनी नाही कोरली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात माती भरलेली होती आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. भिंतीवर नाव कोरणाऱ्या पोरांना आपण शिव्या देतो. त्यांचा मूळपुरुष हा.

त्याच्यानंतर आला रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला. १८४४ पासून वर्षानुवर्षं तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. तरी बाबा पुन्हा कामाला लागला. कॅमेराही हातात घेतला त्याने. त्याची इथली प्रेयसी पारो, तिची कबर अजिंठा गावात आहे, तिथे लोक जातात, प्रेमाची गोष्ट आहे ना. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर कुठे आहे सांगा? आमच्या भुसावळात, गोऱ्या लोकांच्या जुन्या कब्रस्तानात. तिकडे कुत्रंही फिरकत नाही. धागालेखक, पुढच्या वेळी मित्रांना तिथे न्या.

बोरीकाठ

काका, दंडवत. मी पारोळ्याचा असून मला हे माहीत नव्हतं. दिवाळीत येतोय, कसं जायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातपायरी

राग मानू नका, पण हा धागा पुण्यात बसून लिहिल्यासारखा वाटतो, आणि तो तसाच आहे. मी तोरणमाळच्या रस्त्यावरचा. जीप चालवतो, दोन खोल्या काढल्यात पाहुण्यांसाठी. माझ्या पाटीवर 'सातपुड्याचं महाबळेश्वर' मीच रंगवून घेतलंय. का, ते ऐका. नाशिकचा माणूस मोबाइलवर 'तोरणमाळ' शोधत नाही, कारण त्याला ते नावच माहीत नाही. तो 'थंड हवेचं ठिकाण' शोधतो. आधी गिऱ्हाईक आलं पाहिजे, मग त्याला तोरणाचं झुडूप दाखवू, तोरणादेवी दाखवू, नाव कशावरून पडलं तेही सांगू.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावंच्या गावं रिकामी होतात. गुजरातेत ऊसतोडीला जातात, सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात. पोरं आईबापांबरोबर जातात, शाळा तिथेच राहते. शनिवार-रविवारी चार गाड्या वर आल्या म्हणून ज्याचं जाणं वाचलं, त्याला जाऊन विचारा, नाव महाबळेश्वर ठेवू का लंडन. ती कणीसवाली बाई विचारेल का कधी, की मला कुणाच्या नजरेने बघता? ती वीस रुपये मागेल. तुम्हीच लिहिलंय.

पण खोटं बोलणार नाही, एक गोष्ट माझ्याही मनात सलते. पाहुणे विचारायचे, "रात्री आदिवासी नाच होईल का?" पहिल्यांदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा नाही म्हणालो. तिसऱ्या ग्रुपने पैसे चांगले सांगितले. मी पाड्यावरून आठ पोरं आणली, ढोल आणला. भर श्रावणात पोरं होळीचा नाच नाचली. पाहुणे खूश, पोरांना पैसे मिळाले, मीही खूश. पाड्यावरचा एक म्हातारा मात्र त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस जीपमध्ये बसला आणि म्हणाला, "होळी आता तुझ्या खोलीवर असते का?" भाडं दिलं आणि उतरला. तेव्हापासून मी नाचाला नाही म्हणतो. भाकरी-ठेच्याला हो म्हणतो.

नुसताच_वाचक

सातपायरी भाऊ, टाळ्या.

पळसफूल

सातपायरी दादांनी होळीचा विषय काढलाच आहे तर लिहिते. मी अक्कलकुवा तालुक्यात शिक्षिका आहे, बाहेरून येऊन इथलीच झालेली. काठीची राजवाडी होळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा कॅमेरे बोटांवर मोजता आले असते. उंच बांबूचा दांडा, रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. आता पहाटे पुढे ट्रायपॉडांची भिंत असते. मागच्या वर्षी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आजींना आग दिसली ती पुढच्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

होळीत बुध्या होऊन नाचणारी माणसं मानता, म्हणजे नवस, फेडत असतात. त्यासाठी पालनी पाळतात. खाट सोडून जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य, खाण्यापिण्याचे नियम. मग कमरेला तुंबड्या आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर पांढरी नक्षी. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप त्या वर्षी बुध्या झाला होता. एक फोटोवाला त्याला सारखा सांगत होता, "दादा, हसू नका. जरा रागाने बघा. हां, अस्सं." काही महिन्यांनी तो फोटो फिरत फिरत गावातल्या मोबाइलवर आला. मुलगा मला दाखवायला घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, माझा बाबा इथे कुणावर रागावलाय?"

फोटोखाली इंग्रजीत काहीतरी होतं. मुलाने अर्थ विचारला. लिहिलं होतं, नाहीशी होत चाललेली संस्कृती. मी त्याला खरा अर्थ सांगितला नाही, "छान फोटो आहे असं लिहिलंय" म्हणाले. त्याच्या घरी गेले होते मी. तुंबड्यांची माळ चुलीच्या वर खुंटीला टांगलेली होती, धूर लागून काळपट झालेली, पुढच्या फाल्गुनासाठी.

उलटी बाजूही लिहायला हवी. होळी जवळ आली की रस्त्याचे खड्डे बुजतात, ते गावासाठी नाही, येणाऱ्यांसाठी. पण बुजतात. आणि आता आमचीच दहावी-बारावीची मुलं मोबाइल घेऊन उतरतात, आपल्या बोलीत सांगत सांगत व्हिडिओ करतात. त्यांच्या व्हिडिओत बुध्या हसतात. एकमेकांना चिडवतातसुद्धा.

तिखट_पण_खरं

नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींचे ड्रोनवरून घेतलेले व्हिडिओ पाहिलेत ना? लाल गालिचा अंथरल्यासारखं दिसतं. आमची काकू पथारीवर कामाला जायची. तोंडाला फडकं, त्यावर आणखी एक फडकं, हाताला रात्रभर आग. ड्रोनला ठसका लागत नाही.

मुळामुठा

वर कुणीतरी 'फोटो टाका' म्हणेल असं वाटलं होतं. आता हिंमत होणार नाही कुणाची.

नुसताच_वाचक

आयडी बदलावा लागणार, लिहायला लागलो. सारंगखेड्याचं कसं राहिलं? दत्तजयंतीची यात्रा, एकमुखी दत्त, तापीचा काठ. आजोबा मला घोड्यांच्या बाजारात न्यायचे. दात उघडून वय बघायचे, गळ्याखाली देवमन, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, आहे का बघायचे, पाय धरून पंचकल्याणीची खात्री करायचे. भाव तोंडाने नाहीच. दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि आत बोटं बोलायची. सौदा झाला की कुणाला कितीला गेली ते बाहेर कळायचं नाही. मला वाटायचं, आजोबा रुमालाखाली जादू करतात.

आता तिथे 'चेतक फेस्टिव्हल' असतो. राहुट्यांऐवजी महागडे तंबू, नाचणारे घोडे, स्टेज. गर्दी वाढली, घोडेवाल्यांना त्याचा फायदाही झाला असेल, नाही म्हणत नाही. पण चेतक राणा प्रतापांचा. तापीकाठी त्याचं काय काम, ते मला अजून उमगलेलं नाही. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, चेतक फेस्टिव्हलच्या जवळ एक दत्ताचं देऊळपण आहे म्हणे. बघण्यासारखं आहे का?"

कळण्याची_भाकरी

:))) भाच्याला नमस्कार सांगा.

गिरणेचं_पाणी

चाळीसगावचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे पाटणादेवी आहे. पावसाळ्यात केदारकुंडाच्या धबधब्याखाली इतकी माणसं असतात की पाणी शोधावं लागतं. त्याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. शके ११२८ चा शिलालेख आहे त्याचा. धबधब्याखाली भिजणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? असो, भिजायला गणित कशाला लागतं.

मला सांगायचं होतं ते दुसरंच. चाळीसगाव स्टेशनाला लागून केकी मूस यांचं घर आहे. जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस घराबाहेर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. १९८९ मध्ये गेले. घरात टेबलावर कापूस, वाळू, काटक्या मांडून त्यांनी बर्फ, वाळवंट, डोंगर उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. बघणाऱ्याला वाटावं, हे कुठे कुठे फिरून आलेत. आपण सगळे इथे भांडतोय की लोक जागेवर येतात आणि जागा बघत नाहीत. या माणसाने जागेवर न जाताच जागा करून दाखवली. स्टेशनातून हाकेच्या अंतरावर आहे. गाडीला उशीर असेल तर जाऊन या. गाडीला उशीर असतोच.

पळसफूल

नक्की जाणार. धन्यवाद.

सातपायरी

पाटीचं सांगायचं राहिलं. धागा वाचून घरी चर्चा झाली. पोरगी म्हणाली, 'महाबळेश्वर' खाली राहू दे बारीक अक्षरात, वर 'तोरणमाळ' मोठं लिही. पेंटर म्हणतो दोन्ही बसत नाही, एक काय ते सांगा. अजून ठरलं नाही. सीझन संपल्यावर बघू.

बोरीकाठ

दिवाळीला गावी येऊन गेलो, वचन पाळलं. रेल्वेकाकांनी व्यनित सांगितलेल्या खुणा घेऊन भुसावळ स्टेशनाबाहेर रिक्षा केली. रिक्षावाला पन्नाशीचा, गळ्यात मफलर. कब्रस्तान म्हटल्यावर आधी त्याने आरशातून मला नीट बघून घेतलं. "कोणी वारलं का तुमचं?"

"नाही. बघायला चाललोय."

"तिथे काय आहे पाहायला?"

मामांचाच प्रश्न, फक्त बोली वेगळी. मी गिलची गोष्ट सांगायला लागलो, रिक्षा हळू झाली. पोचल्यावर तो बाहेर थांबला नाही, आत आला. गवत गुडघ्याएवढं. शोधायला वेळ लागला, आणि सापडली ती त्यालाच. त्याने मफलर काढून दगड पुसला. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, मी वाचून दाखवली.

"अजिंठा यानं काढलं का?"

"नाही हो. नक्कल काढली."

"ती कुठाय?"

"जळाली."

तो थोडा वेळ दगडाकडे बघत राहिला. "मग पुन्हा काढली का त्यानं?"

"हो, पुन्हा काढली."

"हां," तो म्हणाला, जसं काही आता हिशेब जुळला. मोबाइल काढून दगडाचा एक फोटो घेतला, मग माझ्या हातात मोबाइल देऊन दगडाशेजारी स्वतः उभा राहिला. मी त्याला हसा म्हणालो नाही, रागाने बघा तर अजिबात नाही.

परत येताना त्याने स्टेशनाच्या वळणावर विचारलं, "साहेब, आमच्या स्टेशनावर पण अजिंठा विचारणारे उतरतात कधी कधी. त्यांना आधी इकडे फिरवलं तर शंभर-दीडशे जास्त देतील का? गवत मी कापून घेईन." मग थोडं थांबून, "बोर्डावर काय लिहू?"

मी म्हणालो, त्याचं नाव लिहा फक्त.

"त्यानं कोण येईल?"

काका, तुम्ही भुसावळात असता. जमलं तर जाऊन बघा त्याने काय लिहिलं ते.